आई भजनाला जाते, सावरली. मी कुठं जायचं?

मंगळवारपेठी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. हायवेवर, रात्री, दुचाकी. २६ वर्षांचा होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पहिले बारा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चूल पेटवायची नाही म्हणून गल्लीतनं भाकरी-आमटी यायची, कुठल्या दिवशी कुणाच्या घरातनं काय येणार हे बायकांनी आपापसात ठरवलेलं, आम्हाला पत्ताही नाही. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर दोन-अडीचशे माणूस. तेरावा झाला, मंडपवाल्यानं खुर्च्या नेल्या आणि घरात एकदम आम्ही चौघंच. आई बोलायची बंद झाली. जेव म्हटलं की जेवायची, पण बोलायची नाही. सकाळी भावाचा डबा भरायची आणि दुपारी गल्लीतल्या कुत्र्याला घालायची. चार महिने रोज. आम्ही कोणी तिला थांबवलं नाही, काय म्हणून थांबवणार.

मग शेजारच्या मावशींनी तिला जवळजवळ ओढतच नेलं, गल्लीतल्या विठ्ठल मंदिरातल्या महिला भजनी मंडळात. दर मंगळवारी संध्याकाळी आणि एकादशीला. पहिले दोन महिने नुसती भिंतीला टेकून बसायची म्हणे. आता टाळ वाजवते. यंदा आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चालत गेली. आणि परवा मला म्हणाली, "पेटी वाजवणारीचा सूर उतरतोय, पण सांगायचं कुणी." आई कुणाची तरी तक्रार करायला लागली म्हणजे आई परत आली, असं वाटलं मला.

आता माझं. मी देव मानत नाही, कॉलेजपासनंच. आईबरोबर दोनदा गेलो, पण "त्याची इच्छा" हे शब्द कानावर आले की डोक्यात तिडीक जाते. आणि रात्री दोन वाजता टक्क जागा असतो. बायको म्हणते डॉक्टरांना दाखव. वडील टीव्ही बघतात, आवाज बंद करून.

तर प्रश्न असा, की आईला बरं कुणी केलं, देवानं की त्या वीस बायकांनी? आणि बायकांनी केलं असेल तर न मानणाऱ्या माणसाला असं भिंतीला टेकून बसायला कुठं जागा आहे का? अनुभव लिहा. सल्लेही चालतील, फक्त "वेळ हेच औषध" सोडून.

तांबडा_रस्सा:
भावा, डब्याचं वाचून गलबलून आलं. आत्ता एवढंच. रात्री सविस्तर लिहितो.

गावठी_तर्कवादी:
धागाकर्त्यांच्या दुःखात सहभागी आहे.

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, देवाचा संबंध शून्य. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, वीस ओळखीचे चेहरे, एका तालात गाणं, गाताना आपोआप लांब होणारा श्वास, आणि आपण नाही गेलो तर कोणीतरी विचारायला येणार ही खात्री. एवढं सगळं मिळाल्यावर विठ्ठलाच्या जागी सचिन तेंडुलकरचा फोटो असता तरी आईंना बरं वाटलं असतं. हेच काम बायकांची भिशी पण करू शकते.

शिरोळची_सून:
भिशी लावून बघा की एकदा तुम्ही. मी लावलोय, दोन दोन. भिशीतली एखादी गेली तर पहिला प्रश्न "तिचा नंबर आता कुणाला" हा असतोय :)

चेष्टा सोडा. मी २०१९ च्या पुरातली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी अंगणात आलं, म्हटलं दरवर्षी येतंय तसं जाईल. रात्रीत माळ्यावर चढायची वेळ आली, दुसऱ्या दिवशी होडीतनं आम्हाला काढलं. मामांनी जायच्या आधी गोठ्यात उतरून दोन्ही म्हशींची दावी कापली, छातीभर पाण्यात. दावं कापलं तरी म्हैस जाणार कुठं? गंगी आणि चंद्री, दोन्ही गेल्या. तुम्ही माणसाच्या दुःखाचं लिहिलाय आणि मी म्हशीचं लिहायलोय म्हणून राग मानू नका, पण आम्हाला सगळे हेच म्हणत होते, माणसं वाचली ना मग रडता कशाला. मामा एक शब्द बोलले नाहीत. नुसतं रिकामं दावं हातात धरून बसायचे.

छावणी हायस्कुलात. एका वर्गात आठ घरं. पहिल्या रात्री कोण बोलेना. दुसऱ्या रात्री एका आज्जीनं हरिपाठ सुरू केला, टाळ कुठनं आणायचे, स्टीलच्या ताटावर चमचा. दोन घरं मुसलमानांची होती त्याच वर्गात, ती कोपऱ्यात बसून ऐकायची, आणि त्यांची नमाज चालू झाली की आज्जी चमचा खाली ठेवायची. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पुढं गावचा सप्ताह बसला त्यात कीर्तनकार महाराज म्हणाले, यंदा आपल्या गोठ्यातली जी लक्ष्मी गेली तिची नावं घ्या, मोठ्यानं घ्या. बाप्ये लाजत होते. मग एकानं घेतलं, दुसऱ्यानं घेतलं. आमचे मामा उभं राहिले आणि म्हणाले "गंगी, चंद्री", आणि तिथंच ढसाढसा रडले. तीन महिन्यांनी. त्या रात्री पोटभर जेवले.

देवानं केलं का माणसांनी ते मला कळत नाही. पण सप्ताह नसता तर म्हशीचं नाव घ्यायला गाव एका जागी कशाला जमलं असतं?

पुण्याची_सई:
@शिरोळची_सून दादा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्या मामांना नमस्कार सांगा. (मामा तुमच्याकडेच राहतात का?)

शिरोळची_सून:
दादा न्हवं ओ, ताई!! आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो, मी केलो असंच म्हणतात. आणि मामा म्हणजे सासरे. माझ्याच घरात राहतात, म्हणजे मीच त्यांच्या घरात राहतो.

पुण्याची_सई:
अय्या सॉरी! आयडीत सून आहे हे बघितलंच नाही मी.

तांबडा_रस्सा:
कोल्हापुरात व्याकरण पण तालमीत जातं. चालू द्या.

निशिगंधा:
वरचे सगळे प्रतिसाद फार गोड चाललेत म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझा नवरा २०१८ मध्ये हार्ट अटॅकनं गेला. ३८ वर्षांचा. त्याच्या मागं माझ्याबरोबर जे झालं ते याच "समाजानं" केलं. आधी कपाळभर कुंकू लावलं आणि मग पुसलं. हातभर बांगड्या चढवल्या आणि मग दगडानं फोडल्या. जोडवी निघत नव्हती तर साबण लावून काढली. मला त्या दिवशी नवरा गेल्याचं नीट कळलं पण नव्हतं, हात कापला त्याचंच दुखत होतं.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत हे सगळं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. माझ्या सासरपासनं हेरवाड जेमतेम तासाभरावर. चार वर्षं उशीर झाला मला.

आता खरी गोची सांगते. ज्या चुलत जावेनं माझ्या बांगड्या फोडल्या तिनंच पुढं वर्षभर माझ्या पोराला शाळेत सोडलं, आणलं, त्याचा अभ्यास घेतला, मी कामाला जायला लागले तेव्हा डबा करून दिला. तिच्या मते ती दोन्ही वेळेला माझं भलंच करत होती. मी तिच्यावर धड रागवू पण शकत नाही आणि धड माफ पण करू शकत नाही.

तेव्हा मंगळवारपेठी, आईंना तिथं बरं वाटतंय हे छानच, पण त्या मंडळात एखादी माझ्यासारखी असेल तर तिला हळदीकुंकवाच्या वेळी कुठं बसवतात तेवढं बघून या एकदा.

मंगळवारपेठी (धागाकर्ता):
@निशिगंधा तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आईला आजच विचारतो.

@शिरोळची_सून राग कसला, म्हशीचं वाचूनच मला आज जरा मोकळं वाटलं. आणि मामांच्या हातातलं दावं आणि आईचा डबा एकच की.

गावठी_तर्कवादी:
निशिगंधाताईंशी १००% सहमत. म्हणूनच म्हणतो, श्रद्धेच्या नावावर चाललेला आधार फुकट नसतो, त्याची वसुली कुठंतरी होतेच. माझ्या मावशीचा मुलगा असाच अपघातात गेला तर एका बाबानं सांगितलं आत्मा रस्त्यावर अडकलाय, अमुक शांत केली नाही तर घरातला आणखी एक जाईल. ३१ हजार. मावशीनं गळ्यातलं मोडून दिले. अशा लोकांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तक्रार कोण करणार, मावशीच म्हणाली महाराजांना नावं ठेवू नको.

आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर एरवाडी आठवा. ऑगस्ट २००१, तमिळनाडू, दर्ग्याच्या आधारानं चालणाऱ्या आश्रमात साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. पळता आलं नाही कारण पायात साखळी.

लक्ष्मीपुरी_इम्रान:
एरवाडी झालंय हे खरं, लाज वाटावी असंच आहे. पण दर्ग्याचं दुसरं उदाहरणही आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुआ एकत्र चालतंय, आवारातच मनोविकाराचे डॉक्टर बसतात आणि मुजावरच माणसाला सांगतात, दुआ मी करतो, गोळी त्यांच्याकडनं घे. मुजावरानं सांगितलेली गोळी लोक सोडत नाहीत.

माझं सांगतो. अब्बा मे २०२१ मध्ये कोविडनं गेले. मय्यतीला पाच माणसं, सगळी किटमध्ये, कोण कोण आहे ते पण कळत नव्हतं. मला खांदा देता आला नाही. आमच्यात दुःखाला मुदत असते, घरच्यांनी तीन दिवस शोक करायचा, मग जियारत, चाळीसावा, आणि नवरा गेलेल्या बायकोला इद्दत, म्हणजे घरातच राहायचं, चार महिने दहा दिवस. इद्दतीवरनं माझी बहीण माझ्याशी भांडते, म्हणते बाईला कोंडून घालणं आहे. काही घरात तसं होतंही, नाही म्हणत नाही. पण अम्मीचं बघितलं तर त्या चार महिन्यांत तिला एकानंही "आता सावर" म्हटलं नाही. रडणं हेच तिचं काम आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं. शेजारच्या बायका यायच्या, लसूण सोलत बसायच्या, जायच्या.

मला मात्र मुदत लागू पडली नाही. चाळीसावा झाला तरी काही झालंच नाही, आत दगड.

पुढच्या वर्षी मोहरमला आमच्याकडच्या तालमीत पंजा, म्हणजे पीर, बसला. कोल्हापूरवाल्यांना माहीतच आहे, तालीम हिंदूंची असली तरी पीर बसतातच. अब्बा तीस वर्षं तिथं सरबत करायचे. पोरांनी पातेलं आणून माझ्यापुढं ठेवलं, म्हणाले चाचा टाकायचे तेवढी साखर टाक. मला प्रमाण कुठं माहीत. चौघांनी चार प्रमाणं सांगितली, त्यावरनं भांडणं लागली, एक म्हणतोय चाचा गुलाबपाणी आधी घालायचे, दुसरा म्हणतोय तू तेव्हा शेंबडा होतास तुला काय माहीत. शेवटी इतकं गोड झालं की पोरांनी पाणी घालून घालून वाटलं. मी तालमीच्या मागं जाऊन अर्धा तास रडलो.

तांबडा_रस्सा:
इम्रानभाई __/\__

(आणि ते सरबत मी प्यायलोय बहुतेक. शुगर वाढली होती.)

मनमोकळी:
मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, कोल्हापुरातच. नाव-गाव सांगत नाही, इथं पेशंट पण असतील.

गावठी_तर्कवादी म्हणतात तसं माणसं, ताल, ठरलेली वेळ याचा वाटा मोठा आहेच. पण देवाचा संबंध शून्य म्हणणं मला घाईचं वाटतं. केनेथ पार्गमेंट म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं सगळं काम यावरच आहे. एकच देव दोन प्रकारे वापरला जातो. "देव माझ्या सोबतीला आहे" असं ज्याला आतून वाटतं त्याला दुःख पेलायला मदत होते. "देवानं मला शिक्षा केली" किंवा "देवानं मला टाकलं" असं वाटणाऱ्याचं दुःख उलट चिघळतं. म्हणजे मी समोरच्याला देव मानता का हे विचारत नाही, देव तुमच्याशी आत्ता कसा वागतोय असं विचारते. लोक चमकतात, पण उत्तर देतात.

शिरोळच्या ताईंच्या म्हशींबद्दल. जगानं ज्याला दुःख म्हणून मान्यताच दिलेली नसते, दुखवट्याला कोणी येत नाही, रजा मिळत नाही, अशा दुःखावर केनेथ डोका यांनी लिहिलंय. जनावर गेलेलं, गर्भ गेलेला, लग्न न झालेल्या जोडीदाराचं जाणं. आणि भाऊ गेलेल्या भावाचं पण बऱ्याचदा हेच होतं. सगळे विचारतात आई कशी आहे. मंगळवारपेठी, तुम्हाला किती जणांनी विचारलं तुम्ही कसे आहात?

आता दीड वर्षानंतरची झोप. शोक हा आजार नाही. पण आठवण रोज तेवढीच तीव्र असेल, कामधंदा, नाती अडत असतील आणि हे लांबत गेलं असेल तर त्याला लांबलेला शोक म्हणून आता स्वतंत्र निदान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) किमान सहा महिने, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत (डीएसएम) मोठ्या माणसांसाठी बारा. तुम्हाला ते आहे असं मी इथं बसून अजिबात म्हणत नाही. पण बायको सांगते ते एकदा ऐका. सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मनोविकार विभाग आहे, केसपेपरच्या पैशात काम होतं. बाहेर पडायचंच नसेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनला पण उचलतात. स्वतःला काही करून घ्यावं असा विचार आला तर मात्र थांबू नका, त्याच रात्री लावा, बायकोला उठवा.

तांबडा_रस्सा:
दोन्ही केनेथ? तिसरा कुठाय?

मनमोकळी:
मला पण शिकताना परीक्षेत हाच घोळ झाला होता :D

न्यू_शाहूपुरीकर:
आम्ही ख्रिस्ती. आमच्यात चर्चच्या लोकांना मंडळीच म्हणतात, त्यामुळे धाग्याच्या सुरुवातीला "नमस्कार मंडळी" वाचून मी दचकलोच.

आमची मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली. नाव ठरलेलं होतं. मंडळीतली माणसं प्रेमानंच आली, पण बोलली काय, देवाला त्याच्या बागेत कळी हवी होती. माझी बायको एरवी मुंगी मारत नाही, ती त्या बाईंना म्हणाली, तुमच्या घरातनं का नाही नेली मग. झालं. दोन महिने आम्ही आराधनेला गेलो नाही.

पाळकसाहेब मात्र दर गुरुवारी यायचे. प्रार्थना करू का म्हणून विचारायचे, बायको नाही म्हणायची, मग ते बरं म्हणून बसायचे. चहा घ्यायचे, पेपर वाचायचे. एकदा आमचा मिक्सर उघडून दुरुस्त करून गेले. सात-आठ गुरुवारांनंतर बायको आपणहून म्हणाली, करा प्रार्थना, पण तिचं नाव घेऊन करा.

नंतर त्यांनी मला ईयोबाची गोष्ट सांगितली. ईयोबाचं सगळं गेलं, पोरंबाळं, गुरंढोरं, तब्येत. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, तिथपर्यंत ते फार चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी पाप असेल म्हणून सुरू केलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथनं.

गावठी_तर्कवादी:
मिक्सर दुरुस्त करणारा पाळक मला मान्य आहे. पत्ता द्या, आमचा पण बंद पडलाय.

शिरोळची_सून:
हे बोलतात की नाही, काम करून गेलं की झालं, तेच खरं. आमच्या आज्जीच्या वेळेला तर रडायचं पण काम होतं. म्हाताऱ्या बायका यायच्या आणि सूर लावून रडायच्या, गेलेल्याचं एकेक सांगत, "माझ्या दादा तू बाजारातनं येताना खाऊ आणायचास रं", असं. आम्ही पोरी हसायचो मागनं. आता वाटतंय त्यात गेलेल्याची सगळी माहिती असायची. आता फ्लेक्स लावतात चौकात, फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली, माणूस कसा होता ते काय कळत नाही.

निळी_पहाट:
आम्ही बौद्ध. आमच्यात कोणी गेलं की जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं. माझ्या वडिलांच्या वेळी भंतेजींनी वंदना झाल्यावर सगळ्यांना एकच विचारलं, यांच्याकडनं तुम्ही काय शिकलात ते सांगा. एक जण म्हणाला सायकलचं पंक्चर काढायला. सगळे हसले, आई पण. देव न मानणाऱ्यांना जागा कुठं विचारताय म्हणून सांगितलं, आमच्याकडं तो प्रश्न येत नाही. विहारात या कधीही, कोणी काही विचारणार नाही.

बसप्पा_गडहिंग्लजकर:
आमच्या लिंगायतात कोणी गेलं की शिवगणाराधना. जेवणावळ मोठी असते, त्यावरच जास्त लिहू शकेन. मुद्दा एवढाच की आमच्यात दफन असल्यानं जाऊन बसायला जागा राहते. आमचा बाप शेताच्या बांधाला आहे. मी पाणी पाजायला गेलो की दोन मिनिटं बोलतो, ऊसाचा दर सांगतो. दर ऐकून तो उठून बसेल असं वाटतं कधीकधी.

मंगळवारपेठी (धागाकर्ता):
चार दिवस लिहिलं नाही, सॉरी. सगळं वाचत होतो.

@मनमोकळी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोघांनी. बायकोनं आणि ऑफिसातल्या शिपायानं. सीपीआरला गुरुवारी गेलो होतो. लाईन होती, पण डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटं दिली. भावाचं नाव विचारलं त्यांनी. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

@निशिगंधा आईला विचारलं. मंडळात तुमच्यासारख्या चौघी आहेत. हळदीकुंकू सगळ्यांना लावतात म्हणाली, पण पहिल्यांदा लावलं तेव्हा दोघी जणी मंडळ सोडून गेल्या. त्यातली एक पेटी फार छान वाजवायची. म्हणून आता सूर उतरतोय. आईची ती तक्रार कशाची होती ते आत्ता कळलं मला.

निशिगंधा:
उतरू दे सूर. आईंना माझा नमस्कार सांगा.

तालमीतला_दत्त्या:
मी इथं आयडी काढून आज पहिल्यांदाच लिहितोय, टायपिंग चुकलं तर समजून घ्या. मंगळवारपेठी म्हणजे कोण ते मी वळखलंय, नाव घेत नाही. तुमचा भाऊ आमच्या तालमीचा. दादा तुम्ही हितं लिहिलाय बसायला जागा कुठं म्हणून, ते वाचून कसंतरीच झालं, कारण आम्ही दहा-बारा जण दीड वर्ष तुमच्या दारावरनं जातोय आणि आत यायचं धाडस होत नाही. एकदा तुमच्या आईंनी मला बघितलं आणि आत बोलवलं तर मी गाडी चालू करून पळालो. काय बोलायचं तेच कळत नव्हतं, त्याच्यासंगं वाढलो आणि आम्ही जित्ते.

तुम्हाला म्हाईत असल नसल, होळीला आपल्याकडं होळी लहान करून शेणी (गोवऱ्या) स्मशानभूमीला देतात, कारण पंचगंगेवर महापालिका सगळं फुकट करती, शेणी लागतात. आमच्या तालमीचं ते काम त्याच्याकडं होतं. त्या होळीला टेम्पोतनं शेणी त्यानंच उतरवल्या, मी वरनं देत होतो. म्हणला हळू टाक तुटत्यात, कुणाच्या तरी कामाला येणार हायेत. नऊ दिवसांनी आम्ही त्याला तिथंच घेऊन गेलो. हे मी अजून घरात पण कुणाला सांगितलेलं नाही.

लक्ष्मीपुरी_इम्रान:
दत्त्या भावा. लिहिलास ते बरं केलास.

मंगळवारपेठी (धागाकर्ता):
मला हे माहीत नव्हतं. शेणीचं.

तो घरी काही सांगायचा नाही, मी विचारायचो पण नाही. तालमीत जातो म्हणजे टवाळक्या करतो असं मी त्याला म्हणायचो. शेवटचं भांडण पण त्यावरनंच झालेलं.

तालमीतला_दत्त्या:
म्हाईत हाय दादा, सांगायचा तो, हसत सांगायचा, आमचं बँकवालं चिडलंय म्हणून.

आता मेन मुद्दा. गणपती जवळ आलेत. वर्गणीचा हिशोब त्याच्याकडं असायचा, वही त्याच्याच अक्षरात हाय. गेल्या वर्षी कुणी त्या वहीत पुढं लिहायला तयार होईना, म्हणून नवीन वही घातली आणि हिशोबात ४,२०० चा घोळ झाला, अजून मिटंना. दोघं एकमेकाशी बोलत नाहीत त्यावरनं. तुम्ही बँकेत हाय. देव माना नाहीतर नका मानू, आमच्यात पण निम्मी आरतीला मोबाईल बघत असत्यात. मारुती हाय तालमीत, त्यो कुणाला काय विचारत नाही.

गावठी_तर्कवादी:
४,२०० चा घोळ हा खरा धार्मिक प्रश्न आहे. माझं समर्थन.

मनमोकळी:
जा. सीपीआरची तारीख चुकवू नका पण.

तांबडा_रस्सा:
मी सविस्तर लिहितो म्हटलं होतं पहिल्या दिवशी, आता काय लिहू. माझा दोस्त पण असाच गेलाय २०१४ ला. त्याच्या आईकडं मी पण गेलेलो नाही अजून. उद्या रविवार आहे.

मंगळवारपेठी (धागाकर्ता):
@दत्त्या, आरतीला मी उभा राहणार नाही, आधीच सांगतो. जुनी वही मात्र मला बघायची आहे. नवीन पण काढून ठेव, आणि पावतीपुस्तकं सगळी, फाटलेली सुद्धा. आईनं विचारलंय पोरं किती असतात, डबा पाठवणार म्हणते.

तालमीतला_दत्त्या:
बारा-तेरा असतो. काकूंना म्हणावं तिखट जास्त चालंल. रात्री नऊनंतर या दादा, त्याच्या आधी पोरं व्यायामाला असत्यात. आणि गाडी दारात लावू नका, मंडपाचे वासे पडलेत, मागच्या बोळात लावा.